बिलात नसलेली ओळ

आषाढातल्या एका सोमवारी पहाटे साडेपाचला मी किल्ली फिरवली आणि गाडी सुरू झाली नाही. समोरचे दिवे लागले, घड्याळाचे काटे हलले, बॉनेटखालून कुणी कण्हावे तसा एक जड आवाज आला आणि तोही थांबला. मागे उशीला टेकून पत्नी बसली होती. आठवड्यातून दोनदा तिला डायलिसिससाठी नाट्याहून रत्नागिरीला न्यावे लागते. पावसाळ्यात त्या रस्त्याला दोन तास धरावे लागतात, आणि यंत्रावरची आपली वेळ चुकली की मागचे सगळेच वेळापत्रक कोलमडते. ज्यांच्या घरात हे दुखणे आहे, त्यांना अधिक सांगायला नको.

गाडी चौदा वर्षांची, डिझेलवरची आणि आपोआप गिअर बदलणारी. माझ्या डाव्या गुडघ्याने क्लचला कायमचा रामराम केला तेव्हा ती जुन्या बाजारातून घेतली. तिचे नाव सांगत नाही, कारण दोष तिच्या बनावटीचा नव्हता. शेजारची मुले आवाज ऐकून छत्र्या टाकून धक्का मारायला धावली. त्यांना थांबवावे लागले. साधी गाडी उतारावर सोडून दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला की जागी होते; हिचे तसे नाही. हिच्या गिअरपेटीत तेलाचा दाब तयार करणारा पंप इंजिनाच्या जोरावर फिरतो. इंजिनच निजलेले असेल तर चाके कितीही फिरवा, ती हालचाल इंजिनापर्यंत पोचत नाही. एका हितचिंतकाने पेट्रोलचा बोळा हवेच्या नळीशी धरायला सुचवले. डिझेल इंजिनात आतले हीटर प्लग तापलेले असताना असले प्रयोग केले तर स्फोट होऊन इंजिनच नव्हे, माणूसही जायबंदी होऊ शकतो. शेवटी एक भाड्याची जीप मिळाली आणि त्या दिवसाची वेळ कशीबशी साधली.

पुढचे पाच आठवडे गाडी शहरातल्या एका गॅरेजच्या वाऱ्या करत होती. प्रथम नवी बॅटरी बसली. गाडी नऊ दिवस चालली. मग सेल्फ उघडून नवे कार्बन घातले; चार दिवस चालली. मग संगणक जोडला गेला. त्याने इंजिनाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरची तक्रार दाखवली, म्हणून सेन्सर बदलला. मग हीटर प्लग. दर वेळी बिल हाती येई आणि दर वेळी गाडी आठवडाभरात पुन्हा कण्हू लागे. अखेर मला सांगण्यात आले की गाडीचा मुख्य संगणकच गेला आहे, खर्च साठ हजार, "आणि साहेब, एवीतेवी पुढच्या वर्षी पंधरा पुरी होतायत, मोडीतच काढा ना!"

वास्तविक १९८८च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि तपासणीत उतरली तर ती पुढे पाच वर्षांसाठी वाढवता येते. म्हणजे कायदासुद्धा आधी तपासा म्हणतो. आमच्या प्रकरणात नेमके तेवढेच कुणी केले नव्हते.

माझे आयुष्य बँकेत गेले. खतावण्या हाताने लिहिण्याच्या काळात दिवसअखेर ताळा जुळला नाही तर घरी जाता येत नसे. नवखा कारकून पहिल्या नोंदीपासून सगळी पाने चाळायला बसे. जुने हेडक्लार्क आधी फरकाच्या आकड्याकडे बघत. फरकाला नऊने पूर्ण भाग गेला तर बहुधा आकडे उलटसुलट पडलेले असत. चारशे पन्नासचे पाचशे चाळीस झाले की नव्वदचा फरक. फरकाच्या बरोबर निम्म्या रकमेची नोंद सापडली तर ती जमेऐवजी नावे पडली असण्याचा संभव. मग बाकीची पाने उघडायचीच नाहीत. आणि ज्याला शोधायचा कंटाळा, तो फरकाची रक्कम सस्पेन्स खात्यात टाकून दिवा मालवी. माझ्या गाडीत गॅरेजने पाच आठवडे जे केले, ते सस्पेन्स खातेच होते. फक्त पैसे माझे होते.

नाटे हे नाव बाहेरच्या वाचकाला ठाऊक झाले ते २०११ साली, जैतापूरच्या अणुप्रकल्पाविरुद्धचे आंदोलन आणि गोळीबार यांमुळे. एरवी इथले साखरीनाटे बंदर मासळीवर जगते. एक जून ते एकतीस जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. त्या दोन महिन्यांत ट्रॉलरची इंजिने उघडली जातात, आणि बंदी उठली की मिस्त्री लोकांना श्वास घ्यायला फुरसत नसते. अशा ऐन गर्दीत एक वयस्क मिस्त्रीचाचा माझ्या अंगणात आले, तेही केवळ पत्नीच्या आजाराचे कानावर गेले म्हणून.

त्यांनी कशालाही हात लावला नाही. प्रथम विचारले, "फिरतच नाय, का फिरतंय पण धरत नाय?" या एका प्रश्नाने अर्धी गाडी बाजूला पडते, हे माझ्या ध्यानात नंतर आले. सेल्फ इंजिनाला जोमाने फिरवत असेल आणि तरी ते पेटत नसेल, तर डिझेलकडे जायचे: फिल्टरमध्ये पाणी आहे का, नळीत हवा शिरली आहे का, डिझेल बंद करणारा झडपेचा सोलेनॉइड उघडतो का. सेल्फ फिरवतच नसेल, किंवा रडतखडत फिरवत असेल, तर डिझेलकडे बघण्यात अर्थ नाही, वीज शोधायची.

त्याचे कारण या इंजिनाच्या जातीत आहे. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ साली आउग्सबुर्गला जे इंजिन चालवून दाखवले, त्यात ठिणगी नव्हतीच. सिलिंडरमधली हवा विसाव्या हिश्शापर्यंत दाबली की ती पाचशे अंशांच्या पुढे तापते आणि तीत फवारलेले डिझेल आपोआप पेटते. सायकलचा पंप मारताना नळी गरम लागते, तीच ही गोष्ट. पण हवा झटकन दाबली गेली तरच. सेल्फ मंद फिरला तर उष्णता सिलिंडरच्या भिंतींत मुरते आणि इंजिन थंड राहते. वेगाच्या सेन्सरची तक्रारही त्यामुळेच आली होती. संगणक खोटे बोलला नव्हता. इंजिन खरोखरच वेगाने फिरत नव्हते. त्याने लक्षण सांगितले आणि ते लक्षण वाचणाऱ्याने सेन्सर विकला.

चाचांनी हातब्रेक ओढला, गिअरचा दांडा पार्किंगवरून न्यूट्रलवर घेतला आणि मला किल्ली फिरवायला सांगितले. अशा गाड्यांत दांड्याशी एक स्विच असतो, तो सरकला तर सेल्फला हुकूमच जात नाही. फरक पडला नाही. तो स्विच सुटला. मग मोठे दिवे लावून पुन्हा फिरवायला सांगितले. इंजिन कण्हत होते, पण दिवे लखलखीत राहिले. "बॅटरी मेली असती तर दिवे डोळे मिटते," चाचा म्हणाले. वीज होती, दिव्यांपर्यंत पोचत होती, इंजिनापर्यंत पोचत नव्हती. त्यांनी मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरे इंजिनाच्या लोखंडाला लावले. या दोहोंत किल्ली फिरवताना अर्ध्या व्होल्टहूनही कमी फरक दिसायला हवा. दिसला साडेतीन.

मग त्यांनी गिअरच्या दांड्यापासून गिअरपेटीकडे जाणाऱ्या केबलवर हात ठेवला आणि माझा हात धरून तिथे नेला. केबल गरम होती! सेल्फची वीज परतीची नेहमीची वाट बंद झाल्याने त्या बिचाऱ्या केबलमधून परतत होती. चाचांनी एक जंपर केबल बॅटरीच्या ऋण टोकापासून थेट इंजिनाला लावली. किल्ली फिरवताच गाडी सुरू झाली. पत्नी ओट्यावर बसून बघत होती, ती उठून उभी राहिली.

बॅटरीच्या तबकाखाली, गाडीच्या अंगाला आणि गिअरपेटीला जोडणारी तांब्याची विणलेली पट्टी होती. वरून धड दिसणारी. वाकवताच तिच्यातून हिरवी पूड गळली. खाऱ्या वाऱ्याने ती आतून खाल्ली होती. प्रत्येक दुरुस्तीत कुणाचा तरी हात लागून ती हले, दोन तारा पुन्हा टेकत आणि गाडी चार दिवस चाले. नव्या पट्टीला दोनशे चाळीस रुपये पडले.

गॅरेजवाल्यांना नावे ठेवून हा लेख मी सहज संपवू शकलो असतो. पण दुखणे सुरू झाले त्याच आठवड्यात एका इलेक्ट्रिशियनने मला सांगितले होते, "गाडी दिवसभर ठेवा, तपासायचे पाचशे घेईन. दोष सापडेल असं वचन देत नाही." मी उखडलो होतो. "नुसतं बघायचे पाचशे?" असे, बँकेत तीस वर्षे दुसऱ्यांचे ताळे तपासून पगार घेतलेला मी म्हणालो होतो. वस्तू हाती पडल्याशिवाय आपला खिशात हात जात नाही. मग ज्याला पोट भरायचे आहे तो वस्तू विकतो. विचार करत बसणारा उपाशी राहतो आणि त्याच्या हाताखालचा मुलगा पाना धरण्याआधी सुटे भाग मागवायला शिकतो. ट्रॉलरवर हे चालत नाही, कारण किनाऱ्यापासून दूर इंजिन बंद पडले तर सुटे भाग मागवायचे कुठून? तिथे तांडेल मिस्त्रीच्या डोक्याचेच पैसे मोजतो.

चाचांकडे मी बिल मागितले. त्यांनी वहीच्या कागदावर लिहिले, 'पट्टी १ नग, २४०'. मी खाली माझ्या अक्षरात 'दोष शोधण्याची मजुरी, ५००' असे लिहून कागद परत दिला. त्यांनी तो दोनदा वाचला. "हे असं लिहितात?" त्यांनी विचारले. बँकेत तरी लिहीत नसत, मी म्हणालो. पैसे त्यांनी घेतले, पण अडीचशेच. उरलेले वहिनींना फळं न्या म्हणाले.

गुरुवारी पहाटे साडेपाचला गाडी पहिल्याच फिरवणीत सुरू झाली. पावणेआठला आम्ही रत्नागिरीत होतो.