हँडलखालचे सतरा अक्षर-अंक

दोंडाईच्याच्या मार्केट यार्डात मिरचीची आवक सुरू झाली की फाटकाबाहेर मोटारसायकलींची रांग लागते. त्या रांगेतील पाट्या सावकाश वाचीत जाणाऱ्याला निम्म्या खानदेशचा नकाशा तेथेच पाहावयास मिळतो. एमएच-१८ म्हणजे धुळे, ३९ म्हणजे नंदुरबार, १९ म्हणजे जळगाव. मध्येच जीजे-०५, म्हणजे सुरत. जीजे-२६, म्हणजे व्यारा. आणि एमपी-४६, म्हणजे सेंधव्याकडचा बडवानी जिल्हा. शहादा-तळोद्याकडील एखाद्या जुन्या गाडीवर १८ दिसला तर नवल नाही. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी वेगळा झाला. तोवर तिकडच्याही गाड्या धुळ्यालाच नोंदल्या जात. सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावरचे आणि दोन राज्यांच्या सीमांजवळचे गाव असल्याने येथील जुन्या गाड्यांचा बाजार स्वभावतःच बहुभाषिक आहे.

परंतु पाटी फार थोडे सांगते. गाडी प्रथम कोठे नोंदली गेली एवढेच तिच्यातून कळते. ती किती हातांतून फिरली आणि आज कायद्याने कोणाची आहे, यांविषयी पाटी मौन धरते. शिवाय ती दोन स्क्रूंवर उभी असते. जुनी गाडी घेणारा मनुष्य टायर पाहतो, इंजिनाचा आवाज ऐकतो, टाकीवरचा रंग निरखतो. हँडलखाली वाकून पाहणारे मात्र विरळाच.

तेथे, सांगाड्याच्या पुढच्या नळीवर, चेसिस क्रमांक ठोकलेला असतो. आजच्या गाड्यांवर तो सतरा अक्षर-अंकांचा असतो आणि त्यात इंग्रजी आय, ओ व क्यू ही अक्षरे कधीच येत नाहीत, कारण ती एक व शून्य यांच्याशी गोंधळ करतात. पहिली तीन अक्षरे निर्मात्याची. एमबीएल म्हणजे हिरो, एमडी२ म्हणजे बजाज, एमडी६ म्हणजे टीव्हीएस, एमई३ म्हणजे रॉयल एनफिल्ड, एमई४ म्हणजे होंडा. पुढील अक्षरांत मॉडेल येते, आणि दहाव्या जागी बहुधा निर्मितीचे वर्ष असते. २०१० साठी ए, २०११ साठी बी, असे चढत जाऊन २०१८ साठी जे. विकणारा ‘अठराची गाडी’ म्हणत असेल आणि दहावे अक्षर ई निघाले, तर ते २०१४ सांगते. चार वर्षांच्या फरकाला बाजारात चांगलीच किंमत असते.

दुसरा क्रमांक इंजिनाच्या पोटावर, क्रँककेसवर असतो. दोन्ही क्रमांक आरसी बुकाशी जुळले पाहिजेत, एखाद्या अंकाचाही फरक न राहता. नोंदणी कार्यालयात निरीक्षक कागद क्रमांकावर धरून वरून पेन्सिल फिरवतात आणि उमटलेला छाप फाइलला लावतात. कोणत्याही यंत्राविना होणारी ही परीक्षा खरेदीदारालाही घरच्या घरी करता येते; तिला पातळ कागद, पेन्सिल व थोडे रॉकेल पुरते. रॉकेल गंज व ग्रीस पुसण्यासाठी.

जुन्या, संग्राह्य गाड्यांच्या बाबतीत ही तपासणी वेगळाच रंग धरते. चेकोस्लोव्हाकियातील जावा १९६१ पासून म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात होऊ लागली, १९७३ पासून तिचे नाव येझदी झाले आणि १९९६ साली तो कारखाना बंद पडला. कारखाना गेला, पण गाड्या राहिल्या, आणि त्यांचे सुटे भाग एका गाडीतून दुसरीत जात राहिले. म्हणून या गाड्यांचा जाणकार सौद्याआधी सांगाड्यावरचा आणि इंजिनावरचा क्रमांक शेजारी शेजारी लिहून घेतो. दोन्ही मूळचेच आहेत की इंजिन कधी बदलले आहे, यावरच किमतीची बोली उभी राहते. पाटीही काळ सांगते. तीन इंग्रजी अक्षरांनी सुरू होणारा जुना क्रमांक असेल तर ती गाडी ‘एमएच’ पद्धतीच्या आधीची. ही नवी पद्धत १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानंतर, १९८९ मध्ये आली.

क्रमांक घासून काढला असेल तर? चोरीच्या गाडीचे पहिले लक्षण हेच. कानशीने घासलेली जागा सभोवतालच्या पृष्ठभागाहून सपाट आणि वेगळ्या चकाकीची दिसते, किंवा तेथे नुकताच रंग दिलेला असतो. तरीही धातू सहजासहजी विसरत नाही. अक्षर ठोकताना बसलेला दाब अक्षराच्या खोलीपेक्षा अधिक खाली पोहोचतो आणि तेथील पोलादाची रचना बदलते. वरचा थर घासून गेला तरी हा दबलेला भाग राहतो. न्यायवैद्यक प्रयोगशाळेत क्युप्रिक क्लोराइड व हायड्रोक्लोरिक आम्ल यांचे मिश्रण त्यावर लावले की दबलेला भाग आणि न दबलेला भाग यांवर आम्लाची क्रिया सारखी होत नाही, आणि पुसलेला अंक अंधुकसा वर येतो. घासणे फार खोल गेले असेल तर मात्र येत नाही.

तो न आल्यास काय होते, याचे उदाहरण खानदेशच्या उंबरठ्यावरच आहे. धुळ्याच्या दक्षिणेस आग्रा रोडवरील मालेगावात २९ सप्टेंबर २००८ रोजी भिक्कू चौकात स्फोट झाला आणि सहा जणांचे प्राण गेले. बॉम्ब एलएमएल फ्रीडम या मोटारसायकलवर होता, असे तपासयंत्रणेचे म्हणणे होते, आणि गाडीची मालकी हा खटल्यातील एक मुख्य दुवा होता. सतरा वर्षे होत आली असता, ३१ जुलै २०२५ रोजी मुंबईतील विशेष न्यायालयाने सातही आरोपींना निर्दोष सोडले. चेसिसचा अनुक्रमांक प्रयोगशाळेला पूर्णपणे मिळवता आला नव्हता. त्यामुळे गाडी अमुक व्यक्तीचीच होती हे सिद्ध झाले नाही, आणि बॉम्ब त्या गाडीवर होता हेही सिद्ध झाले नाही, असे न्यायालयाने म्हटले. निकालावर ज्याचे त्याचे मत असेल. काही पुसट अंकांवर केवढा भार पडू शकतो, एवढेच येथे पाहावयाचे.

सर्वसामान्य कुटुंबाला धोका येतो तो कागदांच्या वाटेने. खानदेशातच काय, सर्वत्र रूढ असलेली रीत अशी की, विकणारा नमुना २९ व ३० या कोऱ्या अर्जांवर सह्या करतो, पैसे घेतो आणि विसरून जातो. घेणारा ते कागद गादीखाली ठेवतो. पुढे विकताना तेच कोरे कागद तिसऱ्याच्या हाती जातात. गाडी चार घरे फिरते, नाव पहिल्याचेच राहते. वास्तविक कलम ५० नुसार विकणाऱ्याने राज्यांतर्गत विक्रीची खबर चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत द्यावयाची असते. ‘नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार’ या खटल्यात एक मोटार अशीच हातोहात विकली गेली होती आणि शेवटच्या हाती असताना अपघात झाला. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये निर्णय दिला की, नोंदणीत ज्याचे नाव तोच मालक. भरपाईची जबाबदारी त्याचीच. ज्याने गाडी वर्षांपूर्वी देऊन टाकली, त्याच्या दारी नोटीस येते ती या वाटेने.

आरसीवरची ‘हायपोथिकेशन’ची ओळ हीही दुर्लक्षित जागा. कर्ज फिटले म्हणजे बोजा उतरला, असा समज असतो. तसे नाही. बँकेचा ना-देय दाखला आणि तिच्या सहीचा नमुना ३५ नोंदणी कार्यालयात दाखल होईपर्यंत बोजा नोंदीत तसाच राहतो. परराज्यातली गाडी असेल तर मूळ कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र, म्हणजे नमुना २८, आधी हाती हवे. सुरतेची गाडी दोंडाईच्यात स्वस्त का मिळते, या कोड्याचे उत्तर पुष्कळदा या एका कागदाच्या अभावात सापडते.

स्वस्ताईचा मोह व्यापारी समाजाला नवा नाही. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत ‘तदाहृतादान’, म्हणजे चोराने आणलेला माल घेणे, हा स्वतंत्रपणे गणला आहे. चोरी स्वतः केली नाही, ही सबब तेथे चालत नाही. भारतीय न्याय संहितेचे कलम ३१७ ही त्याच दिशेने जाते. माल चोरीचा आहे असे मानण्यास कारण असूनही अप्रामाणिकपणे तो घेणारा शिक्षेस पात्र ठरतो. कागद नसलेली, घासलेल्या क्रमांकाची गाडी निम्म्या किमतीत मिळणे हे असे ‘कारण’ नव्हे, असे न्यायाधीशांना पटवणे अवघड जाईल.

आज निदान विचारपूस सोपी झाली आहे. केंद्र शासनाच्या ‘वाहन’ नोंदींत पाटीचा क्रमांक टाकला की नोंदणीची तारीख, कितवा मालक, विमा कधीपर्यंत आणि बोजा कोणाचा, हे दिसते. मालकाचे नाव मात्र अर्धे झाकलेले असते. चोरीच्या गाड्यांची पडताळणी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ‘वाहन समन्वय’ सेवेवर होते. आणि नोंदणीला पंधरा वर्षे पूर्ण झाली की नमुना २५ भरून गाडी पुन्हा धुळ्याच्या कार्यालयात न्यावी लागते, पुढील पाच वर्षांसाठी. तेथे निरीक्षक हँडलखालचा गंज पुसतात, कागद धरतात आणि त्यावर पेन्सिल फिरवतात.