नमुन्यातली दरोडेखोरी

शितावरून भाताची परीक्षा करायची, तर शीत त्याच भांड्यातले हवे! कॅनडाच्या ब्रे-एक्स कंपनीने भलतेच शीत दाखवून शहाण्यासुरत्या जगाला गंडवले. बोर्निओच्या जंगलात, बुसांग येथे सोन्याचे घबाड सापडल्याची दवंडी तिने पिटली. आकडा सात कोटी औंसांवर चढला. कंपनीचे बाजारमूल्य सहा अब्ज कॅनडियन डॉलरवर गेले. मार्च १९९७ मध्ये फ्रीपोर्ट कंपनीने तिथेच पडताळणीची भोके पाडली आणि सोने निघाले नगण्य! जुन्या नमुन्यांतले कण होते गोलसर, नदीच्या वाळूत मिळतात तसे. ते खडकातून आलेच नव्हते. नमुन्यात कालवले गेले होते. निवृत्तिवेतन निधींचे पैसे बुडाले. तुरुंगात गेले कोण? कुणीही नाही!

ड्रिलमधून निघालेला खडकाचा दांडा, म्हणजे कोअर, उभा चिरायचा. अर्धा प्रयोगशाळेला धाडायचा, अर्धा पेटीत जपायचा, हा या धंद्याचा रिवाज. बुसांगला जवळजवळ सगळा कोअर भरडून टाकला. पुराव्याचेच पीठ झाले आणि बाजारातले पंडित टाळ्या पिटत राहिले!

पण त्या चोरांना शिव्या देऊन हात झटकणाऱ्यांनो, थांबा! लबाडीने जे तिथे झाले, ते हलगर्जीने कुठेही होते. टनामागे दोन-तीन ग्रॅम सोन्यावर खाणीचे भवितव्य ठरते. हवेच्या दाबावरच्या ड्रिलमधून मीटरमागे तीस-चाळीस किलो चुरा निघतो आणि शेवटी प्रयोगशाळेच्या भट्टीत जातात त्यातले जेमतेम पन्नास ग्रॅम. ते निवडायचे कसे? पोत्यात पाइप खुपसून! जड कण तळाशी बसलेले, बारीक धूळ वाऱ्यावर उडालेली, ओला चुरा यंत्राला चिकटून पुढच्या मीटरात मिसळलेला. ठिसूळ, खनिजाने भरलेला कोअर पाण्याबरोबर वाहून जातो आणि वहीत शेरा पडतो, ‘सर्व ठीक’. मग महागडे संगणक आणून साठ्याचे रंगीत नकाशे काढायचे. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

भारतात २०१५ पासून खाणपट्ट्यांचा लिलाव होतो. नमुना कमी बोलला, तर जनतेची मालमत्ता कवडीमोलाने जाते. जास्त बोलला, तर बोली लावणारा बुडतो आणि खाणीवरचा मजूर देशोधडीला लागतो. याला का निव्वळ तांत्रिक बाब म्हणायचे?

आमचे म्हणणे रोखठोक आहे. प्रत्येक मीटरचा चुरा तोला. वजन घटले, तर कारण लिहा. पाइप फेकून द्या, चुऱ्याचे सारखे वाटे पाडणारा फिरता विभाजक वापरा. दर खेपेत सोने नसलेला कोरा दगड, ठाऊक प्रतीचा नमुना आणि दुबार नमुना गुपचूप घुसवा. प्रयोगशाळेचेही पाणी कळू द्या. अर्धा कोअर कुलपात ठेवा आणि तपासनीस मागेल तेव्हा दाखवा. अहवालावर सही करणाऱ्याला जाब विचाराच. पण नमुन्याचा खर्च छाटणाऱ्या साहेबाला त्याच्या आधी उभा करा! हे परवडत नाही म्हणून गळा काढणाऱ्यांनी ड्रिल विकून घरी बसावे. आणि ज्या अहवालाला या नोंदींची जोड नाही, तो लिलावाच्या टेबलावर येताच टराटरा फाडा!