तीन रोपं आणि जास्तीचं पाणी

जर्मनीत १ एप्रिल २०२४ रोजी नवा कायदा लागू झाला आणि सज्ञान व्यक्तीला स्वतःच्या वापरासाठी राहत्या घरी गांजाची तीन रोपं लावायची मुभा मिळाली. घरात वाळलेला माल ५० ग्रॅमपर्यंत, बाहेर जवळ बाळगायचा तर २५ ग्रॅम. रोपं मुलांच्या हाती लागता कामा नयेत. कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासूनच घरटी चार रोपांना परवानगी आहे. क्विबेक प्रांतानं मात्र घरच्या लागवडीवर बंदी घातली आणि २०२३ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानं ती वैध ठरवली. कायदेमंडळांनी रोपं मोजली, ग्रॅम मोजले. पाण्याचं माप मात्र ज्याचं त्याच्यावर सोडलं आणि नवख्याची फसगत नेमकी तिथंच होते.

तीनच रोपं लावायची असल्यानं एकेकाचं कौतुक फार. सकाळी कामावर जाताना पाणी, संध्याकाळी आल्यावर पुन्हा पाणी. चारच दिवसांत पानं खाली मान टाकतात. रोप तहानलंय असं वाटून आणखी एक तांब्या ओतला जातो आणि रोगावर रोगाचाच उतारा दिल्यासारखं होतं.

कारण सरळ आहे. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. मातीच्या कणांमधल्या पोकळ्या सतत पाण्यानं भरलेल्या राहिल्या, की मुळांचा प्राणवायू तुटतो आणि ती पाणी ओढेनाशी होतात. म्हणून कुंडीत चिखल असतानाही वर पानं लोंबतात. पुढं मूळकुज लागते, ओल्या मातीवर चिलटांसारखे बारीक किडे घोंघावतात. जास्त पाणी असो वा तहान, दोन्हींत पानं झुकतात, पण फरक ओळखता येतो: जास्त पाण्यानं झुकलेलं पान जाड, फुगीर आणि खाली वळलेलं असतं, तहानलेलं पान पातळ, लुळं आणि कागदासारखं लागतं.

महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला यात नवल वाटणार नाही. रानात वाफसा आल्याशिवाय तो पेरणी करत नाही. ओल आणि हवा दोन्ही जमिनीत हवीत, हे त्याला ठाऊक असतं. तरीही सांगली-कोल्हापूरच्या नदीकाठी उसाला वर्षानुवर्षं पाट भरभरून पाणी दिल्यानं हजारो हेक्टर जमीन क्षारपड झाली. एवढ्या मोठ्या रानाला जे सोसलं नाही, ते दहा लिटरच्या कुंडीला कसं सोसणार?

नवख्याची आणखी एक हौस म्हणजे इवलंसं रोप थेट मोठ्या कुंडीत लावणं. मुळं वीतभरही पसरलेली नसतात. बाकीची माती कुणी पीत नाही आणि आठवडाभर ओलीच राहते. लहान कुंडीतून टप्प्याटप्प्यानं मोठ्या कुंडीत जाणं शहाणपणाचं. तळाशी खडी टाकली की निचरा सुधारतो, हा समजही टाकून द्यावा. मातीच्या तळाशी पाण्याचा एक थर धरून राहतोच. खडीमुळं तो फक्त वर सरकतो, मुळांच्या आणखी जवळ. निचऱ्यासाठी भोकं मोकळी हवीत आणि मातीत परलाइटसारखं काही भुसभुशीत मिसळलेलं हवं.

‘दर दोन दिवसांनी अर्धा लिटर’ छापाची वेळापत्रकं म्हणूनच निरुपयोगी आहेत. मे महिन्यातल्या ढगाळ दिवसांत बर्लिनच्या बाल्कनीतली कुंडी हळूहळू सुकते. जुलैच्या उन्हात तीच कुंडी संध्याकाळपर्यंत कोरडी पडू शकते. कापडी कुंडी प्लास्टिकच्या कुंडीपेक्षा लवकर वाळते. भरवशाचं माप एकच: पाणी घातल्यावर कुंडी उचलून तिचं वजन हाताला ओळखीचं करून घ्यावं आणि ती पुरती हलकी लागेपर्यंत थांबावं. कुंडी उचलण्यासारखी नसेल, तर दोन पेरं बोट मातीत घालून पाहावं. पाणी घालायचं तेव्हा मात्र सावकाश आणि सगळी माती भिजेपर्यंत घालावं. तळातून थोडं वाहून जाऊ द्यावं आणि बशीत साचलेलं ओतून टाकावं. फुलोऱ्यावर पाणी उडवू नये, तिथं बुरशी धरते. कोकोपीट वापरणाऱ्यांचा हिशेब वेगळा: ते पुरतं वाळू द्यायचं नसतं.

या सगळ्याला एक छदाम लागत नाही, आणि कदाचित म्हणूनच ते कुणी विकत नाही. पान पिवळं पडलं की दुकानात खताची बाटली मिळते. मुळंच गुदमरलेली असतील तर त्या बाटलीचा उपयोग शून्य. जर्मनीतल्या लागवड संघांना लोकांना बिया आणि रोपं देण्याची परवानगी आहे. परवानगी देणाऱ्या सरकारनं त्या बियांसोबत पाण्याविषयी एक साधं पानही द्यायला लावावं.

जर्मनी-कॅनडात राहणाऱ्या मराठी माणसांनी मात्र सुट्टीला येताना हा छंद तिथंच ठेवावा. भारतात १९८५ च्या अंमली पदार्थविरोधी कायद्यानुसार गांजाचं एक झाड लावणंही गुन्हा आहे आणि त्यासाठी दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.