पालथा निजविलेला रोगी

आपला माणूस अतिदक्षता विभागात पालथा, मान एका बाजूस वळविलेला आणि नळ्यांनी वेढलेला असा दिसला म्हणजे घरच्यांच्या काळजात धस्स होते. ज्याला आधीच श्वास घेववत नाही त्याची छाती गादीवर दाबून ठेवणे हा कोठला न्याय? २०२० व २०२१ या करोनाच्या वर्षांत कित्येक कुटुंबांना हा प्रश्न पडला. प्रश्न रास्त आहे, आणि त्याला उत्तरही आहे.

आमच्या वाचकांनी प्रथम हे ध्यानात घ्यावे की, फुप्फुसांचा मोठा भाग छातीच्या पुढल्या अंगास नसून पाठीकडे असतो. माणूस उताणा निजला म्हणजे हृदयाचे ओझे आणि पोटातील अवयवांचा रेटा या पाठीकडच्या भागावर येतो. निरोगी माणसाला त्याचे काही वाटत नाही. परंतु तीव्र न्यूमोनियासारख्या दुखण्यात फुप्फुसांत पाणी झिरपून ती भिजलेल्या स्पंजाप्रमाणे जड होतात व आपल्याच भाराने खाली दबतात. तेथील वायुकोश मिटतात. रक्त मात्र तेथून वाहतच राहते आणि प्राणवायू न घेता रित्या हातांनी परतते. रोग्यास पालथे केले की हृदय छातीच्या हाडावर टेकते, पाठीकडचे वायुकोश उघडू लागतात, आणि रक्ताचा ओघ बहुतांशी तिकडेच राहत असल्यामुळे हवा व रक्त यांची पुन्हा गाठ पडते. पुढची बाजू दाबली जाते हे खरे, पण तेथे फुप्फुस मुळात थोडे.

ही युक्ती १९७० नंतरच्या दशकातील आहे. तरी तिच्यावर विश्वास बसावयास फार काळ लागला. २००१ साली इटलीतील डॉक्टरांनी ३०४ रोग्यांवर ती पारखली. रक्तातील प्राणवायू वाढला, परंतु मृत्यू कमी झाले नाहीत. त्या रोग्यांना दिवसाकाठी सुमारे सात तासच पालथे ठेवले होते. पुढे फ्रान्समधील डॉ. क्लोद गेरँ व त्यांच्या सहकाऱ्यांनी श्वासयंत्रावरील ४६६ अत्यवस्थ रोगी घेतले आणि त्यांपैकी निम्म्यांना एका वेळी निदान सोळा तास पालथे निजविले. २०१३ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला: अठ्ठावीस दिवसांत उताण्या रोग्यांपैकी शेकडा ३३ दगावले, पालथ्यांपैकी १६. औषध तेच, मात्रा मात्र आता पुरती पडली, असे आम्हांस वाटते.

यात खर्चाचे असे काही नाही. माणसांचे हात मात्र पुष्कळ लागतात. चार-पाच जण एकदम रोग्यास वळवितात. एकजण उशाशी उभा राहून श्वासनळीतील नळी सांभाळतो आणि त्याच्याच इशाऱ्यावर सर्व हालतात, कारण ती नळी निसटली तर प्राणावर बेतते. मग दर थोड्या तासांनी मान वळवावयाची, डोळे मिटलेले आहेत ना ते पाहावयाचे, गाल, हनुवटी व गुडघे यांवर व्रण पडू नयेत म्हणून मऊ आधार द्यावयाचा. हे काम मुख्यतः परिचारिकांचे. त्याचा उल्लेख क्वचितच होतो.

शुद्धीवर असलेल्या रोग्यानेही पालथे निजावे, असे भारत सरकारच्या आरोग्य मंत्रालयाने एप्रिल २०२१ मध्ये करोनाच्या रोग्यांसाठी सुचविले होते. रक्तातील प्राणवायू ९४ च्या खाली गेल्यास मानेखाली, छातीपासून मांड्यांपर्यंत आणि नडग्यांखाली उशा घेऊन अर्धा ते दोन तास निजावे. जेवणानंतर तासभर निजू नये. गरोदर स्त्रिया, हृदयाचा मोठा विकार असलेले, पाठीचा कणा वा मांडीचे हाड मोडलेले यांनी हे करू नये, असे त्यात होते. त्याच वर्षी सहा देशांतील एकत्रित पाहणीत असे दिसले की, अशा रोग्यांपैकी इतरांच्या मानाने कमी जणांना पुढे नळी घालावी लागली. मृत्यू मात्र स्पष्टपणे घटले नाहीत. तेव्हा दम लागलेल्या माणसास घरी पालथे पाडून ‘पाहू उद्या’ म्हणत बसणे घातक होय. गाडी येईपर्यंत निजवा, पण गाडी आधी बोलवा.

आणि तान्ह्या मुलांच्या बाबतीत यातील काहीही लागू करू नये. निरोगी अर्भकास झोपवावयाचे ते पाठीवरच. पालथे झोपविलेल्या अर्भकांत झोपेतील अकस्मात मृत्यूचा धोका वाढतो.