पुरणाचा हात, तिखटाचे सारण

लाडू, करंज्या आणि अनारसे यांनी चार दिवस तोंड गोड केले, की पाडव्यापर्यंत जीभ कुरकुरू लागते. फराळाची ताटली पुढे येताच पाहुणे म्हणतात, "नको हो वहिनी, आत्ताच शेजारी झालं!" आणि चकलीचा एक तुकडा मोडून गप्प बसतात. अशा वेळी तव्यावरचा गरम बटाट्याचा पराठा पुढे करून पाहावा. नको नको म्हणणारे पाहुणे दुसऱ्याची वाट पाहत बसतात की नाही, ते बघा!

पराठा म्हणजे पंजाबी मंडळींचे काम, तो आपल्या हाताला वळायचा नाही, असे पुष्कळ जणींना वाटते. दिल्लीच्या चांदणी चौकातल्या गल्लीत पराठे कढईत, भरपूर तुपात तळतात, हे खरे. पण पंजाबात घरोघर होतो तो साध्या तव्यावरच. आणि ज्या घरात पुरणपोळी होते, त्या घराला पराठा नव्याने शिकवावा लागत नाही. उंडा करणे, त्यात सारण भरून तोंड बंद करणे, हलक्या हाताने लाटणे, हे सारे आपल्याला येतेच. पुरणपोळीचा मुख्य नियमही इथे तसाच लागू आहे: कणीक आणि सारण यांचा मऊपणा सारखा हवा. सारण घट्ट राहिले की ते कणीक फाडून बाहेर येते. कणीक घट्ट राहिली की सारण मधोमध बसते आणि कडा कोरड्या लागतात.

साहित्य (सुमारे दहा पराठ्यांसाठी): तीन वाट्या कणीक, दोन चमचे तेल, अर्धा किलो बटाटे, पाच-सहा हिरव्या मिरच्या, बोटाच्या पेराएवढे आले, एक चमचा जिरे, मूठभर कोथिंबीर, अर्धे लिंबू, चवीपुरते मीठ, भाजण्यासाठी तेल किंवा तूप.

कृती: बटाटे सालांसकट, न चिरता उकडत ठेवावेत. चिरून उकडले की ते पाणी पितात आणि सारण सैल होते. ते उकडेपर्यंत कणकेत थोडे मीठ व तेल घालून, पोळीच्या कणकेपेक्षा जरा सैल भिजवावी आणि झाकून अर्धा तास ठेवावी. ही विश्रांती चुकवू नये. तेवढ्या वेळात कणीक पाणी शोषते, तिचा ताण सुटतो आणि लाटताना ती मागे ओढत नाही.

बटाटे सोलून पूर्ण निवू द्यावेत आणि मग किसावेत. घाई करून ते मिक्सरमध्ये मात्र फिरवू नयेत. त्याने बटाट्याचा चिकट गोळा होतो. गरम सारण भरले तर आतल्या वाफेने पारी ओलसर होऊन फाटते. किसात ठेचलेल्या मिरच्या, आले, जिरे, अगदी बारीक चिरलेली कोथिंबीर आणि लिंबाचा रस मिसळावा. मीठ घालावे ते अगदी भरायच्या वेळी, कारण मिठाने सारणाला पाणी सुटते. बटाट्याऐवजी मुळा घ्यायचा असेल, तर तो किसून मीठ लावून दहा मिनिटे ठेवावा, घट्ट पिळावा आणि ते पाणी कणीक भिजवायला वापरावे. मग कणकेत निराळे मीठ नको.

कणकेचे व सारणाचे दहा-दहा सारखे गोळे करावेत. हात बसला की सारण थोडे वाढवावे. भरलेला उंडा आधी बोटांनी कडेकडेने दाबून मग लाटावा, म्हणजे सारण कडेपर्यंत जाते. ज्यांना उंडा जमत नाही त्यांनी गुळाच्या पोळीची युक्ती करावी: दोन छोट्या पाऱ्या लाटून एकीवर सारण पसरावे, दुसरी वर ठेवावी, कडा दाबाव्यात आणि एकदा लाटणे फिरवावे. नवशिक्या मुलामुलींना हीच रीत सोपी.

तवा चांगला तापलेला हवा. मंद आचेवर पराठा वाळत राहतो आणि वातड होतो. आधी दोन्ही बाजू कोरड्याच भाजाव्यात. रंग पालटला की कडेने व वरून तेल सोडून, उलथण्याने दाबत तांबूस ठिपके येईतो भाजावे. बरोबर दही आणि लिंबाचे लोणचे पुरे. लोणी असेल तर मग बोलायलाच नको.

आता एक अडचण राहिली, आणि ती स्वयंपाकाहून मोठी आहे. पराठा गरमच खायचा असतो. म्हणजे बाहेर सगळी मंडळी हसतखेळत खात असतात आणि एक जण तव्याशी उभी असते. शेवटी तिच्या वाट्याला येतो तो गार पराठा, तोही एकटीने खायचा. सणाच्या दिवशी हे बरे नव्हे. यावर उपाय आहे. पाहुणे यायच्या आधी दोन-तीन तास सगळे पराठे लाटून, तेल न लावता दोन्ही बाजूंनी नुसते रंग पालटेपर्यंत भाजून ठेवावेत. सुट्या फडक्यावर पसरून निवू द्यावेत आणि मगच एकावर एक रचून झाकावेत. गरम रचले तर घामाने ओले होतात. सारणात कच्चा कांदा मात्र घालू नये, त्याला पाणी सुटते.

आयत्या वेळी उरते ते फक्त तेल सोडून दोन्ही बाजू परतण्याचे काम. एका पराठ्याला दोन-तीन मिनिटे पुरतात, आणि ते घरातल्या कुणालाही जमते. तेव्हा पहिले दोन पराठे आपण भाजून दाखवावेत, उलथणे दुसऱ्याच्या हाती द्यावे आणि खुशाल सगळ्यांबरोबर पानावर बसावे. भाऊबीजेला हे काम भावाला सांगायला हरकत नाही. ओवाळणी तर त्याला घालायचीच आहे. चार पराठे परतून दिले, तर तिची गोडी वाढेलच!