पावसाळी सहल आणि वाटेवरचे डभोई

श्रावण तोंडावर आला की दांडिया बाजारापासून रावपुऱ्यापर्यंत जुन्या मराठी घरांतून गरुडेश्वरचे बेत कानी पडू लागतात. पूर्वी हे बेत साधे असत. दशम्या बांधाव्यात, पहाटेची गाडी धरावी, चांदोदला नर्मदास्नान करावे आणि पुढे टेंबे स्वामींच्या समाधीवर माथा टेकून रात्री घरी यावे. २०१८ साली केवडियाला सरदारांचा १८२ मीटर उंचीचा पुतळा उभा राहिल्यापासून त्यात आणखी एक मुक्काम वाढला. आणि यंदा दोनतीन ओळखीच्या घरांतून 'कॅरव्हॅन' भाड्याने घेण्याचे मनसुबे ऐकले. बिछाने, ओटा, फ्रिज, न्हाणीघर, सारे काही चाकांवर. बाहेर पाऊस कोसळतो आहे, आत आल्याचा चहा उकळतो आहे आणि काचेपलीकडून हिरवी शेते सरकताहेत, असे या सहलीचे वर्णन ऐकावयास मिळते. महाराष्ट्र सरकारने तर २०२१ साली अशा गाड्यांच्या पर्यटनाचे धोरणच जाहीर केले आहे, म्हणजे ही हौस आता चार श्रीमंतांपुरती राहणार नाही.

या गाडीशी माझे भांडण नाही, हे आधीच सांगून टाकतो. गुडघे धरलेल्या आजीला आणि लहान मूल घेतलेल्या सुनेला पावसाळ्यात आपल्या रस्त्यांवरून नेणे किती अवघड असते, हे ज्याने नेले आहे त्यालाच ठाऊक. स्वच्छ मोरीची सोय बरोबर असेल तर तो केवळ डामडौल म्हणता येत नाही. माझे म्हणणे निराळे आहे. चूल, पाणी आणि बिछाना बरोबर घेऊन निघालेल्या माणसाला वाटेवरच्या गावाची गरज उरत नाही. तो तेथे चहा पीत नाही, केळी घेत नाही, कोणाला रस्ताही विचारीत नाही. आणि बडोद्याहून नर्मदेकडे जाताना हे न उरणारे गाव म्हणजे डभोई.

"डभोईला आहे काय?" असा प्रश्न मला हटकून विचारला जातो. विचारणारे परके असते तर वाईट वाटले नसते. पण ज्यांच्या पणजोबांनी गायकवाडीत वहिवाटदारी केली, शाळा तपासल्या, तिजोऱ्या सांभाळल्या, त्यांच्या घरांतून हा प्रश्न यावा याचे नवल वाटते. बडोद्याहून डभोई जेमतेम तीस किलोमीटर. वाटेत भिलापूर लागते आणि ढाढर नदी लागते. १ एप्रिल १७३१ रोजी याच भागात पहिले बाजीराव आणि सेनापती त्र्यंबकराव दाभाडे यांची गाठ पडली. त्र्यंबकराव रणात पडले. दाभाड्यांच्या बाजूने लढणारे पिलाजीराव गायकवाड जखमी होऊन निसटले आणि त्यांचा मुलगा सयाजी त्याच लढाईत कामी आला. मराठ्यांनीच मराठ्यांचे रक्त सांडले, म्हणून आपण या दिवसाविषयी फारसे बोलत नाही. पुढच्याच वर्षी डाकोरला पिलाजीरावांचा खून झाला आणि १७३४ साली गायकवाडांनी बडोदे घेतले. म्हणजे हरलेल्या बाजूच्या एका घराण्याने तीन वर्षांत आपले हे शहर मिळविले, आणि आपण सारे त्यामागून येथे आलो. ज्या वाटेवर हे घडले तीवरून आपण आता ताशी ऐंशीच्या वेगाने, काच वर करून जातो.

खरे पाहता पावसाळा हा आपल्याकडे प्रवासाचा काळच नव्हे. फौजा पावसाच्या आत परतत आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून पुन्हा निघत. संन्याशाने चातुर्मासात एका जागी राहावे असा नियम आहे, आणि ज्यांच्या दर्शनाला आपण धावतो ते वासुदेवानंद सरस्वती, १९१४ साली गरुडेश्वरी समाधिस्थ होईपर्यंत, उभा देश पायी हिंडले तरी पावसाळ्यात कोठल्यातरी गावी थांबत. पाऊस आला की थांबायचे आणि थांबलो तेथल्या माणसांचे व्हायचे, अशी ही रीत होती. डांबरी रस्त्याने आपल्याला पावसात फिरण्याची मुभा दिली हे चांगलेच झाले. पण थांबण्याची सवय त्याबरोबर का सुटावी?

डभोईचा तर सारा लौकिकच थांबण्याचा. खंडेराव महाराजांनी १८६२ साली डभोई ते मियागाम हा अडीच फुटी रुळांचा मार्ग घातला, तेव्हा त्यावरचे डबे बैल ओढीत. आधीचे रूळ इंजिनाचा भार पेलण्याजोगे नव्हते. मजबूत रूळ पडून १८७३ पासून वाफेची गाडी नियमाने धावू लागली. हिंदुस्थानातली ही पहिली नॅरोगेज. पुढे चांदोद, बोडेली, बडोदे अशा वाटा फुटत गेल्या आणि डभोई हे त्या छोट्या गाड्यांचे मोठे जंक्शन झाले. जंक्शन म्हणजे उतरावयाचे, सामान फलाटावर ठेवून पुढच्या गाडीची वाट पाहावयाची. पावसात गाडी हमखास उशिरा, म्हणजे तास दोन तास गावाच्या हवाली. आता रूळ रुंद झाले आहेत. जानेवारी २०२१ मध्ये केवडियापर्यंतचा मार्ग खुला झाला आणि दूरदूरच्या शहरांतून गाड्या थेट पुतळ्यापाशी येऊ लागल्या. सोय झाली हे नाकारण्यात अर्थ नाही. पण डभोईला उतरण्याचे कारण मात्र गेले.

सयाजीराव महाराजांची आणखी एक गोष्ट येथे आठवते. १९१० साली त्यांनी बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास आणले, आणि त्यानंतर येथून खेडोपाडी फिरती ग्रंथालये जाऊ लागली. लाकडी पेटीत पुस्तके भरून ती पेटी गावोगाव पाठवावयाची, गावाने वाचून परत करावयाची, मग दुसरी पेटी. तेही चालते फिरते घरच म्हणा ना, पुस्तकांचे. फरक इतकाच की त्या पेटीचा जन्म थांबण्यासाठी होता. गावात उतरली नाही तर ती पेटी कसली?

आता माझ्या धंद्याकडे वळतो. माझे वडील राजवाड्यात सणावारी गात. राज्य केव्हाच विलीन झाले होते, तरी आळीत त्यांना दरबारी गवईच म्हणत आणि ते कोणाला दुरुस्त करीत नसत. त्यांच्या तोंडून ऐकलेले एक वाक्य असे की, मल्हार घरात बसून गावा, कारण वाद्य पावसात नेण्यासारखे पाप नाही. त्यात तथ्य आहे. ओल धरली की तबल्याची पुडी सैल पडते, सूर खाली येतो; गट्टे ठोकून ठोकून वर आणावा तो मध्येच ऊन पडते आणि पुडी ताणून सूर भलतीकडेच जातो. पेटीच्या पट्ट्या फुगून अडकतात. तंबोरा लागला असे वाटून डोळे मिटावेत तो षड्ज हललेला असतो, मग पुन्हा जवारीचे सूत मागेपुढे करा. गवसणीवर मेणकापड गुंडाळले तरी दमट हवेला कोण अडविणार? म्हणून पावसाळा हा आमच्या लोकांचा बैठकीचा आणि मेहनतीचा काळ. शिष्याने भिजत यावे, गुरूने कोरड्यात शिकवावे, हा शिरस्ता आमच्या मंडळींना मनापासून आवडतो.

पण भिजत येणारा शिष्य कोठून येतो हे पाहिले की हा शिरस्ता तितकासा गोड वाटत नाही. माझ्याकडे डभोईहून एक मुलगी येत असे. गुजराती घरची, बारा तेरा वर्षांची, आवाज निकोप आणि तालाला पक्की. उन्हाळाभर ती नेमाने आली. पावसाळा लागला तशी बस उशिरा येऊ लागली, एकदा ढाढरला पूर आला आणि रस्ता बंद होऊन पोर रात्री अकराला घरी पोचली. तिची आई मला म्हणाली, "सर, गाणे आवडते हो, पण पोरीला रोज अशी कशी पाठवू?" मला उत्तर सुचले नाही, कारण त्या बाईचे म्हणणे बरोबर होते. मुलगी यावयाची थांबली. अशी मुले एकट्या डभोईत किती असतील कोण जाणे, आणि पादरा, करजण, संखेडा यांचे काय?

मौलाबक्षांनी १८८६ साली बडोद्यात गायनशाळा काढली ती राजाच्या आश्रयाने, पण राजवाड्यापुरती नव्हे. सामान्य घरच्या मुलाने येऊन शिकावे हा तिचा हेतू. आज तीच संस्था विद्यापीठाची विद्याशाखा झाली आहे आणि तिचा आपल्याला रास्त अभिमान आहे. १९१६ साली भातखंड्यांची पहिली अखिल भारतीय संगीत परिषद बडोद्यात भरली, हेही आपण पाहुण्यांना आवर्जून सांगतो. हे सांगताना एक गोष्ट सोयीस्करपणे विसरतो. गाणे शहरात साठले म्हणजे ते टिकले, असे होत नाही. ज्या तालुक्याच्या गावी दयाराम राहिले आणि १८५३ साली वारले, ते गाव डभोईच. चांदोदला जन्मलेला हा कवी तंबोऱ्यावर गात असे, आणि त्याच्या गरब्या गुजराती बायकांच्या तोंडी अजून आहेत. त्याच्या नावावर मराठी पदेही सांगतात. बडोद्याच्या दरबारावाचून त्याचे काही अडले नाही. डभोईला आहे काय, या प्रश्नाला माझ्यापुरते हे उत्तर पुरेसे आहे. ज्यांना दगड पाहावयाचे असतील त्यांनी हिरा भागोळीपाशी उभे राहावे. पावसाने भिजून दगड काळवंडला की त्यावरची शिल्पे उन्हाळ्यापेक्षा अधिक उठून दिसतात. वाघेल्यांच्या काळातील ते काम, तेराव्या शतकातले. दरवाजा घडविणाऱ्या हिराधर कारागिराची दंतकथा गावात कोणीही सांगेल. ती तेथेच ऐकावी, येथे छापून तिची गोडी घालवीत नाही.

त्या मुलीच्या आईशी बोलणे झाल्यावर मी दर रविवारी डभोईला जाऊ लागलो. हा तिसरा पावसाळा. एका घराची ओसरी मिळाली आहे. सुरुवातीला ती मुलगी आणि तिचा धाकटा भाऊ असे दोघेच होते, आता नऊ जण आहेत. तबला तेथेच ठेवला आहे, त्यामुळे त्याला निदान प्रवास तरी नाही. पेटी मी नेतो. पत्रावर पाऊस वाजू लागला की शिकविणे थांबवावे लागते, तेव्हा मुलांना नुसते ऐकावयास बसवितो, किंवा कोणाची आई गरबी म्हणते आणि मी शिकतो. एका मास्तराने हे करावे आणि त्याबद्दल वर्तमानपत्रात लिहावे, यात भूषण काही नाही. बडोद्यात गाणे शिकविणारे कितीतरी लोक आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांना आठवड्यातला एक दिवस काढता येईल. तालुके वाटून घ्यावेत, एवढेच माझे माझ्या सहव्यवसायी बंधुभगिनींना सांगणे आहे. "मुले येतील का" असे त्यांनी विचारू नये. मुले असतात, त्यांना न्यावयास कोणी नसते.

आणि घरगाडी घेऊन निघणाऱ्या मंडळींना सांगणे याहून सोपे आहे. गरुडेश्वरला जाच, केवडियालाही जा. फक्त सकाळी तासभर आधी निघा आणि डभोईला गाडी उभी करा. गाडीतली चूल तेवढा वेळ विझवा, चहा बाजारात घ्या. कोणाची मुलगी पेटीवर चार पदे म्हणत असेल, कोणाचा मुलगा तबला शिकत असेल तर त्यांना ओसरीवर आणा. डभोईची मुले त्यांना आपले गाणे ऐकवतील, तीही आपले ऐकवतील. माळ्यावर गवसणीत पडलेली पेटी असेल, आजोबांची म्हणून जपलेली आणि वर्षानुवर्षे न वाजलेली, तर ती येताना घेऊन या. पट्ट्या फुगलेल्या असल्या तरी चालेल. बडोद्यात अजून ती दुरुस्त करणारे हात आहेत, आणि मुलांचे बसणे रविवारी सकाळी नऊला सुरू होते.