राउटरचा पासवर्ड विसरलात? आधी ती टाचणी खाली ठेवा



आज जरा माझीच फजिती सांगतो. शनिवारी संध्याकाळी मला घरच्या वायफायचं नाव बदलायचं होतं. राउटरचा लॉगिन पासवर्ड काही केल्या आठवेना. एका व्हिडिओत बघितलं होतं, मागच्या बारीक भोकात टाचणी घालून दहा सेकंद दाबायचं, झालं काम. (हो, मीसुद्धा व्हिडिओ बघूनच उद्योग करतो!) दाबलं. दिवे विझले, परत लागले, पण इंटरनेटचा दिवा लालच राहिला.

रविवारी सकाळी दहाला माझी ऑनलाइन बॅच होती. लोकांनी फी भरलेली. ऑपरेटरचं ऑफिस रविवारी बंद, फोन कोणी उचलेना. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर बॅच कशीबशी ढकलली, दोनदा तुटली, आणि तिघांचे पैसे परत द्यावे लागले.

चूक कुठे झाली? मला वाटलं होतं रिसेट म्हणजे फक्त पासवर्ड पुसला जातो. तसं नाही हो. रिसेट म्हणजे राउटरची पाटी कोरी. बऱ्याच फायबर कनेक्शनमध्ये ऑपरेटरने दिलेलं युजरनेम आणि पासवर्ड राउटरमध्येच भरलेलं असतं, त्याला पीपीपीओई म्हणतात. तेही गेलं. आणि ते काय होतं, हे मी पाच वर्षांत एकदाही विचारलेलं नव्हतं.

म्हणून माझं मत स्पष्ट सांगतो, कोणाला कडू लागलं तरी चालेल. घरून धंदा करत असाल तर राउटर म्हणजे तुमच्या दुकानाचं शटर आहे. शटरची चावी आपण केबलवाल्या दादाकडे ठेवतो का? "सर, आम्हाला टेक्निकल कळत नाही," असं मला सांगू नका. रील एडिट करायला तुम्ही आठवड्यात शिकलात, हे तर अर्ध्या तासाचं काम आहे.

आधी एवढंच बघा की नेमकं काय विसरलात. राउटरला तीन कुलपं असतात. एक वायफायचं, जे पाहुणे मागतात. दुसरं राउटरच्या सेटिंगचं. तिसरं ऑपरेटरचं, तेच पीपीपीओई.

वायफायचा पासवर्ड विसरलात तर रिसेटचा विचारसुद्धा नको. घरातला एखादा फोन जोडलेला असतोच. अँड्रॉइड १० किंवा पुढचा असेल तर वायफायच्या सेटिंगमध्ये शेअर दाबा, क्यूआर कोड येतो. पुष्कळ फोनवर त्याच्याखाली पासवर्डही लिहिलेला दिसतो. आयफोनवर आयओएस १६ पासून सेव्ह केलेला पासवर्ड सरळ बघता येतो. काहीच जोडलेलं नसेल तर लॅपटॉपला राउटरपासून केबल लावा, केबलला वायफायचा पासवर्ड लागत नाही.

सेटिंगचा पासवर्ड विसरलात तर राउटर उलटा करा. खाली स्टिकर असतो, त्यावर पत्ता (बहुतेक वेळा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१), युजरनेम आणि मूळ पासवर्ड. जो कधी बदललाच नाही, तो आपण "विसरलो" म्हणत बसतो, असं खूप जणांचं होतं. बदलला असेल तर ज्याने बसवला त्याला विचारा. कधीकधी त्याने आपल्या सवयीचा टाकलेला असतो. राउटर ऑपरेटरचाच असेल तर कदाचित तो तिकडे बसूनही बदलून देईल.

यातलं काहीच जमलं नाही, तरच टाचणी. तीही कामाच्या दिवशी सकाळी, ऑपरेटरकडून पीपीपीओईचं युजरनेम-पासवर्ड आणि व्हीलॅन नंबर असेल तर तो, कागदावर घेतल्यावरच. रिसेट झाल्यावर वायफायला जुनंच नाव, जुनाच पासवर्ड द्या, स्पेलिंग आणि कॅपिटल अक्षरांसकट. मग सीसीटीव्ही, बिलाचा प्रिंटर, लॅपटॉप सगळे बहुतेक आपोआप जोडले जातात. नवीन नाव दिलंत तर एकेक वस्तू हातात घेऊन फिरत बसाल.

कोणी विचारेल, बँकेसारखा ओटीपी का येत नाही? कारण राउटर तुम्हाला ओळखतच नाही. ज्याचा हात पोचतो तो त्याच्यासाठी मालक. म्हणून मला राग येतो तो काउंटरवर, गिऱ्हाईकाच्या हाताशी ठेवलेल्या राउटरचा. स्टिकरचा फोटो काढायला दोन सेकंद लागतात.

आणि आत शिरलात की ॲडमिन-ॲडमिन असा पासवर्ड ठेवून बाहेर पडू नका. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने असेच कंपनीचे ठरावीक पासवर्ड वापरून जगभरचे कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते. ब्रिटनने तर एप्रिल २०२४ पासून, सगळ्या नगांना एकच सोपा पासवर्ड देऊन अशी यंत्रं विकायला कायद्यानेच बंदी घातली.

नवा पासवर्ड कुठे ठेवायचा? इथे माझं तज्ज्ञांशी जरा भांडण आहे. "पासवर्ड कागदावर लिहू नका" हे ऑफिससाठी ठीक. घरच्या राउटरसाठी मी म्हणतो, लिहाच. इंटरनेटवरचा चोर तुमचं कपाट उघडायला येत नाही.

माझा कागद आता जीएसटीच्या फाईलमध्ये पहिल्या पानाला टाचलेला आहे. तिन्ही कुलपं त्यावर लिहिलेली, बायकोलाही जागा माहीत. आणि सगळ्यात खाली, ऑपरेटरच्या माणसाचा रविवारी लागणारा नंबर. तो मिळवायला मात्र दोन चहा पाजावे लागले!